शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर: वर्षभर राहिल्यावरचा अनुभव, आणि त्यातही पाण्याचा

नॅकची ए प्लस प्लस श्रेणी, 853 एकरांचा परिसर, कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली अडीचशेहून जास्त संलग्न महाविद्यालयं, हे सगळं इथे प्रवेश घेणाऱ्याला माहीत असतं. मी इथे इतिहासात एम.ए. करते आणि परिसरातल्याच मुलींच्या वसतिगृहात राहते. मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ती म्हणजे पाणी.

निमित्त झालं मागच्या महिन्यात. शहरात मोठी जलवाहिनी फुटली आणि बऱ्याच भागांत नळ कोरडे पडले. माझी जुनी रूम पार्टनर धुण्याचं गाठोडं आणि दोन रिकामे कॅन घेऊन माझ्याकडे आली. ती अजून शहरातल्या एका खासगी हॉस्टेलवर राहते. तिथे टँकर आला होता, पण मालकीणबाईंनी प्रत्येकीकडून दोनशे रुपये जादा मागितले. नऊ मुली एका मजल्यावर, म्हणजे अठराशे रुपये एका मजल्याचे, आणि असे तीन मजले. टँकर किती रुपयांना येतो हे मुलींना काय माहीत नसतं? हे ऐकून माझं डोकंच तापलं, कारण वसतिगृहाची यादी लागेपर्यंत मीही तिथेच राहत होते.

त्या हॉस्टेलचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. भाडं वेगळं, लाईट बिल वेगळं, आणि ‘पाण्याचे’ म्हणून महिन्याला तीनशे रुपये वेगळे. पाणी यायचं पहाटे साडेपाचला, जेमतेम तासभर. बाथरूमबाहेर बादल्यांची रांग रात्रीच लागायची आणि बादलीवर मार्करने नाव नसेल तर ती मागे सरकवली जायची. माझं गाव चंदगड तालुक्यात. आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस थांबेल कधी याची वाट बघतात. तिथून येऊन कोल्हापुरात पाणी विकत घ्यायचं हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. सोडताना डिपॉझिटमधून बाराशे रुपये कापले. कारण विचारलं तर म्हणे, नळाचा कॉक खराब केला. “काकू, त्या नळाला पाणी कधी आलं ते सांगा, मग कॉकचं बोलू,” असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. पैसे काही मिळाले नाहीत.

मग विद्यापीठाच्या वसतिगृहात आले. पहिल्या दिवशी सवयीने पहाटे पाचला उठून बादली भरायला गेले. एक सीनियर ताई दात घासत उभी होती. ती म्हणाली, “झोप की गं, पाणी कुठं जात नाही.” आणि खरंच, ते कुठे गेलं नाही. दुपारी आहे, रात्री आहे, मे महिन्यात होतं. शहरात पाणी कपातीची चर्चा सुरू असतानाही होतं. दोनेक महिने मी तरी एक बादली भरून ठेवतच होते.

मला वाटलं, विद्यापीठ मोठं आहे, जादा जोडणी घेतली असेल. विभागातल्या एका सरांना विचारलं तेव्हा ते मला खिडकीपाशी घेऊन गेले आणि उताराकडे हात करून म्हणाले, हे सगळं पावसाचं पाणी आहे. परिसरात तळी आहेत, विहिरी आहेत, पाणी अडवायला बांध आणि चर आहेत, आणि विद्यापीठाची गरज मुख्यतः त्यातूनच भागते.

त्या दिवसापासून मी या परिसराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

तोवर माझी मोठी तक्रार अंतराची होती. मुख्य इमारतीसमोर उतरायचं, तिथून विभाग, विभागातून ग्रंथालय, ग्रंथालयातून वसतिगृह. उन्हाळ्यात दुपारी दीडला ही चाल अंगावर येते. मी घरी फोनवर सांगायचे की एवढी जागा मोकळी ठेवून काय मिळवलं कुणास ठाऊक, सगळ्या इमारती जवळजवळ बांधल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आता मी असं म्हणणार नाही. मोकळी जागा आहे म्हणूनच पाणी आहे. हिशोब मांडून बघितला तेव्हा मला हे नीट कळलं. तो हिशोब इथेही देते.

853 एकर म्हणजे साधारण 345 हेक्टर. कोल्हापूर शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एक मीटर. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. गुणाकार केला की साडेचौतीस लाख घनमीटर येतात, म्हणजे 345 कोटी लिटर. शहरात फिरतो तो टँकर दहा हजार लिटरचा धरला तर जवळपास साडेतीन लाख टँकर पाणी दर वर्षी या माळावर आभाळातून पडतं. त्यातलं बरंचसं वाहून जातं, जिरतं, उन्हाने उडून जातं, हे मान्य. पण दहावा हिस्सा जरी अडला तरी पस्तीस हजार टँकर होतात. माझ्या जुन्या मालकीणबाईंच्या दराने त्याचे किती झाले ते मी वहीच्या मागच्या पानावर मांडलंय. आकडा बघून रूममेटने वहीच बंद केली.

हे काम करायला खर्च येतो, गाळ काढावा लागतो, बांध बघावे लागतात, पाणी शुद्ध करावं लागतं. पण पाऊस फुकट आहे आणि उतार फुकट आहे. या दोन गोष्टी कोल्हापुरात प्रत्येक कॉलनीला मिळाल्यात. त्यांचं काय करायचं हे विद्यापीठाने ठरवलं, बाकीच्यांनी नाही ठरवलं. एवढाच फरक आहे.

भाषा भवनाजवळचं तळं जुलैमध्ये बघा. पहिल्या पावसात येणारं पाणी तांबडं असतं, चहापेक्षा गडद, काठाला वाळलेल्या गवताचा कचरा तरंगत असतो. दोन-तीन आठवड्यांत गाळ खाली बसतो आणि पाणी हिरवट दिसायला लागतं. मग बगळे येतात. आम्ही काही मुली संध्याकाळी तिकडे जातो आणि पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं ते बघतो. गावाकडे आमचे आबा विहिरीच्या पायऱ्या मोजायचे, तसंच.

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे थोडं मागचंही लिहिते. 18 नोव्हेंबर 1962 ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचं उद्घाटन झालं. चीनचं युद्ध सुरू होतं. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. विद्यापीठासाठी यशवंतराव आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई या दोघांनी मनापासून जोर लावला होता. त्याआधी इकडची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. सुरुवातीला 34 महाविद्यालयं आणि चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. सोलापूर आणि रत्नागिरीही तेव्हा इथेच होते. पुढे कोकणचा भाग मुंबई विद्यापीठाकडे गेला आणि 2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं.

जागा मिळाली ती सागरमाळाची. नावातच माळ आहे. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार, महाराणी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं धुंडाळणारा माणूस. आज विभागाबाहेर जी दाट सावली आहे ती या माळावर आपोआप आलेली नाही, कुणीतरी झाडं लावली आणि जगवली. माझ्या आजोबांच्या पिढीतली कोल्हापुरात शिकलेली माणसं अजून सांगतात की तेव्हा इथे वारा आणि मुरूम याशिवाय काही नव्हतं. आता पहाटे मोर ओरडतात. परीक्षेच्या दिवसांत ते अगदी खिडकीखाली ओरडतात आणि झोप मोडते. पण मी कुणाला मोर हाकलू देणार नाही.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगा गावात शिरली, पाणी उपसायची केंद्रंच पुराखाली गेली आणि चहूबाजूंनी पाणी असताना शहराला प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा माळावरच्या या विद्यापीठाने आपलं पाणी शहरातल्या लोकांना दिलं. मी तेव्हा शाळेत होते आणि चंदगडचे रस्तेही बंद होते, त्यामुळे हे मला इथे आल्यावर कळलं. ज्या शहराच्या राजाने, शाहू महाराजांनी, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, त्या शहरात पाण्याचं असं काम व्हावं हे मला योग्यच वाटतं. मात्र पदवीप्रदान समारंभाचे फोटो जितके फिरतात, तितकी या तळ्यांची चर्चा होत नाही. ती व्हायला पाहिजे.

आता बाकीच्या सोयींबद्दल. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय उत्तम आहे. इतिहासवाल्यांना तिथली हस्तलिखितं आणि जुने संदर्भग्रंथ हेच मोठं धन आहे. शहरातल्या खासगी अभ्यासिकेत महिन्याला खुर्चीचे पैसे भरणाऱ्या मैत्रिणींना मी हे कायम सांगते. फक्त संदर्भ विभागात गेलात की वही-पेन घेऊन जा आणि वेळ काढून जा. मोबाईलमध्ये फोटो काढून पळायचं म्हणाल तर त्या पुस्तकांचा उपयोग नाही.

कमवा आणि शिका योजना मला सगळ्यांत जास्त भावली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जे सुरू केलं त्याचंच हे रूप. विद्यार्थी परिसरात दिवसाचे काही तास काम करतात आणि त्यावर राहणं-शिकणं निभतं. मुलांसाठी विद्यार्थी भवन आहे, मुलींसाठी वेगळी सोय आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी या योजनेत आहे. तिचं काम रोपांना पाणी घालायचं. घरून एक रुपया न मागता ती शिकते आहे. तिने मला दाखवलं की उन्हाळ्यात रोपाच्या खोडाला पाणी द्यायचं नसतं, आळ्याच्या कडेला द्यायचं, म्हणजे मूळ पाण्याच्या मागे बाहेर पसरतं. शेतकऱ्याची मुलगी असून मला हे ठाऊक नव्हतं. गरीब घरातल्या मुलींनी प्रवेश घ्यायच्या आधीच या योजनेची चौकशी करावी, अर्जाची मुदत निघून गेल्यावर नको.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. मेसचं जेवण मेससारखंच असतं. रविवारी पोरी मिळून तांबडा-पांढरा खायला शहरात जातात, मी महिन्यातून एकदाच जाते.

मुख्य इमारतीसमोरचा अश्वारूढ पुतळा 1974 मध्ये यशवंतरावांच्या हस्ते उभा राहिला. नवीन आलेले सगळे तिथे फोटो काढतात, मीही काढला. पण घरून आई-आबा आले तेव्हा मी त्यांना आधी तळ्यावर नेलं. आबा काठावर बराच वेळ उभे होते. “सांडव्याची बाजू बरोबर धरलीय,” एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी असते.

विद्यापीठ वाढणार, नव्या इमारती होणार, ते व्हायलाच पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे की नवीन बांधकाम या तळ्यांकडे येणाऱ्या उतारावर नको. एकदा तिथे काँक्रीट झालं की पावसाचं पाणी गटारात जाईल आणि मग आमच्या मागून येणाऱ्या मुली पहाटे बादल्यांची रांग लावतील. विद्यार्थ्यांच्या बैठकीत मी हे बोलले आहे आणि पुढेही बोलत राहीन.

यंदा येणाऱ्यांसाठी: चंदगड, आजरा, शाहूवाडी, शिराळा, पाटण, असं लांबून येत असाल तर वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा. यादी लागेपर्यंत खासगी हॉस्टेलवर राहायची वेळ आली तर डिपॉझिट देण्याआधी दुपारी तीन वाजता जाऊन नळ सोडून बघा, सकाळी नको. पाण्याचे पैसे भाड्यात धरलेत का ते पावतीवर लिहून घ्या. आणि जमत असेल तर सायकल आणा, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत उन्हात तिचा फार उपयोग होतो.