गिअर केबलच्या बुशापायी 49,503 रुपये गेले

ऑनलाइन फसवणुकीत गेलेली रक्कम 49,503 रुपये. गावात मी 5,000 सांगितलीय, पाहुण्यांत 20,000. खरा आकडा बायकोला, बँकेला आणि पोलिसांना माहीत आहे, आता तुम्हालाही. लिहायची लाज वाटतेच. पण परवा शेजारच्या गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्यालाही त्याच 'पाच रुपये भरा'चा फोन आल्याचं कळलं आणि म्हटलं, लाज गेली खड्ड्यात.

गोष्ट 2024 च्या नवरात्राआधीची. माझी दीड टनाची पिकअप आहे. आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात तेव्हा रताळ्यांची काढणी जोरात असते, उपवासामुळे मालाला उठाव असतो आणि बेळगावच्या एपीएमसीला रोज गाडी लागते. शिनोळीकडून रिकामी परत येत होतो. वेंगुर्ला रस्त्यावरच्या एका चढाला दुसरा टाकला आणि गिअरची दांडी हातात एकदम ढिली पडली. पुढे ढकला, मागे ओढा, नुसती हलते. गाडी दुसऱ्यात अडकलेली.

ज्यांच्या घरी केबल गिअरची गाडी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गिअरबॉक्सवरच्या आर्मला एक पिन असते, त्या पिनवर केबलचा डोळा बसतो आणि दोघांच्या मध्ये रबर-प्लास्टिकचा एवढासा बुश असतो. इंजिनची उष्णता, चिखल, गळकं ऑइल यांनी तो कडक होऊन तुकडे पडतात, मग केबल पिनवरून निसटते. गिअरबॉक्सला काही झालेलं नसतं. कुणी 'पेटी उतरवायला लागतीय' म्हणाला तर आधी केबलचं टोक दाखव म्हणा, मग पेटीचं बघू. मला एवढं कळत होतं. म्हणून तर गॅरेजला न नेता बाइंडिंग वायरनं केबल पिनला आवळली आणि दुसऱ्या गिअरवरच गाडी दारात आणली. गाडीतलं काही कळत नाही म्हणून मी फसलो असं जे आमचे दाजी सांगत सुटलेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

शोरूमला फोन केला. नुसता बुश मिळत नाही, अख्खी केबल घ्यावी लागेल. 4,260 रुपये, वर बसवायची मजुरी 1,200, आणि माल यायला आठवडा. हंगामात आठवडाभर गाडी दारात उभी म्हणजे काय ते भाड्यानं गाडी चालवणाऱ्यालाच कळतं. एवढ्याशा बुशासाठी 5,460 द्यायला हात धजेना. रात्री मोबाईलवर गिअर केबल बुश शोधला आणि पुढच्या अर्ध्या तासात मला त्याचीच जाहिरात दिसायला लागली. गिअर केबल बुश रिपेअर किट, 649 रुपये, घरच्या घरी दहा मिनिटांत बसवा. व्हिडिओत एक माणूस बोटानं बुश दाबतो आणि टक्कन बसतो. घरपोच आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती, आधीच भरायचे. 649 भरले. फॉर्ममध्ये गाडी कुठली, कुठल्या सालची, शिफ्टची केबल (दांडी पुढे-मागे जाते ती) का सिलेक्टची (आडवी हलते ती), सगळं मीच भरलं.

पार्सल आलं नाही. ट्रॅकिंगची लिंक उघडेना. मग सगळे करतात तेच केलं, कस्टमर केअरचा नंबर शोधला, जो वर दिसला तो लावला. तिकडून हिंदी बोलणारा माणूस, बोलायला अगदी नम्र. माझं नाव सांगितलं, गाडीचं मॉडेल सांगितलं, आणि विचारलं, 'शिफ्टवाला बुश था ना?' इथं माझा विश्वास बसला. पार्टचं नाव घेतोय म्हणजे दुकानवालाच, असं वाटलं. अरे, ते सगळं फॉर्ममध्ये मीच लिहून दिलं होतं की! जाहिरातवाले आणि तो नंबरवाला एकच होते का, का एकानं दुसऱ्याला माहिती विकली, ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही. पोलिसांनी तर विचारलंही नाही.

पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरून पत्ता पक्का करा, असं तो म्हणाला. व्हॉट्सॲपवर ट्रॅकिंगचं ॲप पाठवलं. त्या वेळी मी गाडीखाली होतो, दोन्ही हात ग्रीसनं भरलेले, मोबाईल बाहेर मुलाच्या हातात. पोरगं दहावीला आहे. 'आप्पा, ही फाइल धोक्याची असू शकते म्हणालाय,' असं तो म्हणाला. मी खालून ओरडलो, 'टाक की बे, सगळ्याच ॲपला तसं म्हणतंय.' मग म्हणाला, 'एसएमएसची परवानगी मागालाय.' 'दे.'

तो एक 'दे' मला झोपू देत नाही. पार्सल कुठवर आलं ते दाखवणाऱ्या ॲपला माझे मेसेज कशाला वाचायचे होते? पोरगं सांगत होतं, मोबाईल सांगत होता. पण मोबाईल दिवसातून दहा वेळा काही ना काही विचारतो, कुणी किती वाचायचं? खाली झोपून वर बघत केबलचा डोळा धरलेला, डोळ्यांत माती पडतीय, अशा वेळी बँकेचा मॅनेजर असता तरी त्यानंही 'दे'च म्हटलं असतं. आणि 649 मी यूपीआयनं भरले होते, मग पाच रुपयांसाठी कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे का मागितले, हाही प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पाकिटातलं कार्ड पोरानं काढलं, आकडे भरले. पाच रुपये गेले. 'हो गया सर, कल डिलिव्हरी.'

संध्याकाळी दुकानात तेलाचे 140 रुपये जाईनात. शिल्लक नाही. खात्यात चव्वेचाळीस हजारांच्या वर होते, भाड्याचे आणि गाडीच्या हप्त्याचे. बँकेचा एकही मेसेज नाही. कसा येईल? ते ॲप सगळे मेसेज परस्पर पुढे पाठवून मोबाईलवर पुसून टाकत होतं. म्हणून पुन्हा सांगतो, मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. फोनवर नाही, मेसेजनं नाही. मला तो दिसलाच नाही. बँकेतल्या बाईंना हे कितीदा सांगितलं, त्यांचं एकच, 'ओटीपी पडलाय म्हणजे तुम्हीच दिलाय.'

स्टेटमेंटवरचे आकडे असे: 24,999, मग 19,500. बँकेच्या हेल्पलाइनला फोन लागला 6 वाजून 40 मिनिटांनी. कार्ड बंद केलं म्हणाले, तक्रार क्रमांक दिला. आणि 7 वाजून 25 मिनिटांनी त्याच खात्यात आलेल्या भाड्यातून आणखी 4,350 गेले. कार्ड बंद केल्यावर. दुसऱ्या दिवशी हप्त्याचे 14,870 खात्यात नव्हते म्हणून तो परत गेला, दंड 590. तो मी 49,503 मध्ये धरलेला नाही.

असं काही झालं तर बँकेला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. तुमचा मोबाईल आधी फ्लाइट मोडवर टाका, सिम काढून ठेवा. मी त्याच मोबाईलवरून बोलत बसलो आणि ते ॲप आत जिवंतच होतं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा, उद्या सकाळी नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येतात. मी रात्री केला, तोवर पैसे पुढे गेले होते.

आता हद्दीची कहाणी. मी राहतो कर्नाटकात. खातं सीमेपलीकडच्या शाखेत, कारण तिकडचे व्यापारी तिथेच पैसे टाकतात. आमच्या भागात अशी खाती घराघरात आहेत. एकाच रस्त्यावर सकाळी दूध एका राज्यात घालतो आणि दुपारी माल दुसऱ्या राज्यात उतरवतो, तेव्हा कुणाला हद्द आठवत नाही. तक्रार करायला गेलं की आठवते.

इकडच्या ठाण्यात हवालदारानं पासबुक बघितलं. 'बँक महाराष्ट्रातली? मग तिकडं जावा की.' म्हटलं, साहेब, मी इथला, मोबाईल इथला, गाडी इथली. म्हणाले अर्ज कानडीत लिहून आणा. बाजारापुरती कानडी मला येते, अर्ज लिहायची येत नाही. बाहेर टायपिंगवाल्याकडून 200 रुपयांत लिहून घेतला. तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर, 'ऑनलाइन केलंय न्हवं? नंबर आहे न्हवं? मग आणि काय पाहिजे?' पलीकडच्या ठाण्यात मराठीत बोलता आलं, चहासुद्धा पाजला. आणि आधार कार्ड उलटंपालटं करून म्हणाले, 'पत्ता कर्नाटकचा आहे, गुन्हा तिकडं दाखल होणार.' चहा पिऊन घरी.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंदवा आणि मग ज्यांची हद्द त्यांच्याकडे पाठवा. वकील असलेल्या मेहुण्यानं मला ते कलम छापून दिलं, मी ते दोन्हीकडे टेबलावर ठेवलं. इकडे 'साहेबांना दाखवतो', तिकडे 'ते खून-मारामारीला असतंय'. असं कुठंही लिहिलेलं नाही. सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, त्यात माझे 49 हजार कुठं उठून दिसणार! निवडणुकीला मात्र दोन्हीकडचे नेते आम्हाला आपला म्हणायला येतात. तेव्हा हद्द आडवी येत नाही.

बँकेचं वेगळंच. शाखेत म्हणाले हेड ऑफिसला कळवलंय, हेड ऑफिसवाले म्हणाले शाखेत विचारा. शेवटी एक ओळीचं पत्र आलं, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे बँक जबाबदार नाही. ठीक आहे, पहिल्या दोन रकमांवर मी भांडेन तेव्हा भांडेन. पण 4,350 चं काय? रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक काढून वाचा. ग्राहकाची चूक धरली तरी त्यानं बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. आणि कळवल्यापासून 10 कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती का होईना खात्यात जमा करायची. 6:40 ला कळवलं, 7:25 ला गेले. यात न समजण्यासारखं काय आहे? म्हणून बँकेशी बोलताना वेळ लिहून ठेवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, कॉलची नोंद पुसू नका. माझ्याकडे आज भांडायला एवढंच आहे.

बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. मी केलीय, फक्त 4,350 साठी. ती अजून चालू आहे.

गाडीचं विचाराल तर बुश बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, करून मिळाला. जुन्या बुशाचे तुकडे, केबलचा डोळा आणि पिनचं माप घेऊन गेलो. पिन 10 मिमी निघाली. लेथवाल्यानं नायलॉनच्या दांड्यातून तिथल्या तिथं बुश काढून दिला, 150 रुपये. घरी पिन घासून पुसली, बुश गरम पाण्यात बुडवून मऊ केला, सी-क्लॅम्पनं डोळ्यात दाबला आणि पिनवर बसवला. माप व्हर्निअरनंच घ्या, पट्टीनं घेतलं की बुश खेळतो आणि पुन्हा निसटतो. रबराचा बुश असेल तर साधं ग्रीस लावू नका, ते रबर खातं, सिलिकॉनचं लावा. आणि खाली शिरायच्या आधी हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावा. केबल सुटलेली असते तेव्हा आत दांडी न्यूट्रलला दिसते पण पेटीत गिअर पडलेला असू शकतो, कुणी किल्ली फिरवली की गाडी उडी मारते. सुटा पार्ट पाहिजे असेल तर आधी आपल्या बाजारात फिरा. बेळगावात काय करून मिळत नाही?

ती जाहिरात अजून दिसते. दुकानाचं नाव बदललंय, व्हिडिओ तोच आहे, दर 599 झालाय.

माझं एक काम आहे. सीमाभागातल्या कुणाचा, खातं एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असताना, सायबर फसवणुकीचा झिरो एफआयआर खरोखर नोंदवून घेतला गेला असेल, तर त्यांनी अर्जाची नक्कल द्यावी. कानडीतला असला तरी चालेल. तीच घेऊन मी पुन्हा दोन्ही ठाण्यांत जाणार आहे.