तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी प्लेग्रुप, मदर-टॉडलर, पाळणाघर की घरच? नागपूरच्या आईबापांसाठी तुलना

पहिले बाळाचं वय सांगा, मग बाकीचं बोलू. आठ महिन्यांच्या बाळाचे आईबाप आणि सव्वादोन वर्षांच्या पोट्टीचे आईबाप एकच बोर्ड वाचून राहिलेत, धरमपेठ घ्या नाहीतर बेसा, दर दोन चौकांनी एक आहेच, "खेळातून शिक्षण" आणि खाली वय एक ते सहा. आता एक वर्षाचं बाळ जे हातात येईल ते तोंडात घालतं आणि सहा वर्षांचं पोर नियम बनवून खेळतं, दोघांना एकच प्रोग्राम कसा चालेल?

मी मनीषनगरला राहते, नोकरी करते, सासूबाई सोबत आहेत. मुलीसाठी बरंच फिरून पाहिलं, त्यातून एकच गोष्ट पक्की झाली की तीन वर्षांच्या आत खेळणी कोणती यापेक्षा खेळणारं मोठं माणूस कोण हे महत्त्वाचं. ते माणूस रोज तेच असतं का, त्याच्याकडे एका वेळी किती पोरं असतात, आणि बाळाने "बा" केलं की ते उलटून "बा" करतं का. मी खालची सगळी तुलना याच मापाने केली आहे, एसी, कॅमेरा, स्प्लॅश पूल वगैरे मी शेवटी धरते.

मदर-टॉडलर क्लास

म्हणजे आई (किंवा बाबा, किंवा आजी) सोबत बसते, आठवड्यातून एकदोनदा, पाऊणएक तास. रवा, रंगवलेले तांदूळ, ओढण्या, डफली, गाणी. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी बाहेर पैसे द्यायचेच असतील तर माझं मत याला. पण कारण वेगळं आहे, फायदा बाळापेक्षा तुम्हाला जास्त होतो.

याला आधार आहे. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेऊन एक प्रयोग झाला. त्यातल्या काही घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची, घरीच बनवलेली खेळणी न्यायची आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची, दोन वर्षं. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई तशाच, पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. आपली खात्यापित्या घरची पोरं आणि ती कुपोषित पोरं सारखी नाहीत हे खरं, त्यामुळे क्लास लावला की पगार वाढेल असं कोणी सांगितलं तर हात जोडा. पण ती बाई आठवड्यातून एक तासच यायची, उरलेले सगळे तास आईच खेळायची, हे त्यातलं घेण्यासारखं.

म्हणून ट्रायल क्लासला गेलात की ताईकडे बघा. ती तुम्हाला सांगते का, "हे घरी असं करा, बाळाने तोंड फिरवलं की थांबा, त्याचं लक्ष जिथं गेलं तिथं तुम्ही जा"? की समोर उभी राहून स्वतःच नाचते आणि बारा आया मोबाईल धरून शूटिंग करतात? दुसऱ्या प्रकारचा क्लास मी पाहिला आहे, बाळं बिचारी ट्यूबलाइटकडे बघत होती. आणखी एक, क्लासची वेळ बाळाच्या झोपेवर येत असेल तर कितीही भारी क्लास असो, सोडा.

चेनवाले प्रीस्कूल आणि त्यांचा प्लेग्रुप

युरोकिड्स, किडझी, लिटल मिलेनियम वगैरे, आणि शिवाय गल्लीतली स्वतंत्र प्रीस्कूलं. इथे बाळाला सोडून यायचं असतं, दोन-तीन तास, आठवड्याचे पाच दिवस. फ्रँचायझी असल्यामुळे पुस्तकं, किट, थीम वरून येतात, पण वर्गातली ताई आणि मावशी इथलीच, म्हणून एकाच नावाची लक्ष्मीनगरची शाखा आणि नंदनवनची शाखा यात जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. नाव बघून ठरवू नका, शाखा बघा.

यांचा मुख्य मुद्दा असतो की "मूल सोशल होतं". दीड वर्षाच्या मुलाबाबत हे फारसं पटत नाही, त्या वयात पोरं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात, सोबत खेळणं नंतर हळूहळू येतं. आणि आईपासून लांब गेलं की रडणं साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत सगळ्यात जोरात असतं, म्हणजे नेमक्या त्याच काळात तुम्ही त्याला गेटवर देऊन राहिले. अडीचच्या आसपास मात्र चित्र बदलतं, बोलता येतं, शी-सू सांगता येते, दुसऱ्याचं खेळणं हिसकून का होईना पण दुसऱ्यात रस येतो. त्या वयात चांगला प्लेग्रुप खरंच मजेचा असतो.

"मग नर्सरीला मागे पडेल ना" ही भीती सासरमाहेर दोन्हीकडून येते, तर हिशोब बघा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो आणि पहिलीला सहा पूर्ण लागतात, महाराष्ट्रात कट-ऑफ ३१ डिसेंबर. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल त्या वर्षीच्या जूनमध्ये नर्सरीत बसतं तेव्हा दोन वर्षं सात महिन्यांचं असतं, आणि त्याआधी प्लेग्रुप करायचा तर एक वर्ष सात महिन्यांचं. फॉर्मवर "पात्र" लिहून येतं म्हणून पाठवायचंच असं नाही. ऑगस्ट ते डिसेंबर जन्म असेल तर एक वर्ष थांबलात तरी काही बिघडत नाही, उलट वर्गात ते सगळ्यात लहान न राहता मोठ्यांमध्ये येतं.

एक गोष्ट दिसली की मी तिथून निघते, दोन वर्षांच्या पोरांना वर्कशीट. स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन. बोर्डावर प्ले-बेस्ड आणि टेबलावर पेन्सिल! अजून बोटांत ताकद आली नाही बापा, त्याला कणीक मळू द्या, खडे नका देऊ पण भेंडीचे तुकडे वेगळे करू द्या.

माँटेसरी

बोर्डावर माँटेसरी कोणीही लिहू शकतं, त्या नावावर कोणाची मालकी नाही, त्यामुळे आत जाऊन बघणं हाच उपाय. खऱ्या माँटेसरीत लहान्यांच्या वर्गात खोटी भातुकली कमी आणि खरी कामं जास्त दिसतील, छोट्या तांब्यातून पाणी ओतणं, फडकं घेऊन पुसणं, केळं कापणं, बुटके शेल्फ, वस्तू थोड्या पण मांडलेल्या आणि मूल स्वतः उचलतं. ताई गप्प बसून बघत असेल तर ती आळशी आहे असं समजू नका, तेच तिचं काम आहे. शून्य ते तीन वयासाठीचं माँटेसरी ट्रेनिंग वेगळं असतं, बऱ्याच ठिकाणी ताईंचं ट्रेनिंग तीन ते सहाचं असतं, तर तेवढं सरळ विचारून घ्या.

शांत, एकाच गोष्टीत रमणाऱ्या मुलाला हे छान जमतं. धावणाऱ्या, चढणाऱ्या पोराला अंगण नसलेली माँटेसरी म्हणजे शिक्षाच.

अंगणवाडी

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या निम्म्या लोकांना आपली अंगणवाडी कोणत्या गल्लीत आहे तेच माहीत नसतं. सरळ सांगते, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे रोज बसवायची सोय साधारणपणे नसते, रोजचा वर्ग तीन ते सहाचा. सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार, वजन-उंची, लसीकरणाची आठवण. तरी नाव नोंदवा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी "नवचेतना" नावाचा आराखडा काढला, त्यात ३६ महिन्यांचं महिनावार कॅलेंडर आणि १४० खेळ-कृती आहेत, फुकट. प्रायव्हेट क्लासमध्ये जे करून घेतात त्यातलं बरंच याच जातीचं आहे.

आणि अंगणवाडीला कमी लेखणाऱ्यांसाठी एवढंच की अंगणातच बालशिक्षण न्यायची ही कल्पना आपल्या ताराबाई मोडकांची. १९२६ मध्ये गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी पानं, बिया, शंख, माती वापरून तेच काम केलं. आज "नॅचरल लूज पार्ट्स" म्हणून तेच किट विकत मिळतं.

पाळणाघर / डेकेअर

हा पर्याय हौसेचा नाही, गरजेचा आहे, दोघं नोकरीला आणि घरी कोणी नाही तर दुसरं करणार काय. यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, पण तपासणी सगळ्यात कडक इथेच करायची, कारण बाळ इथे आठ-नऊ तास राहणार.

पहिले संख्या. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन-शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण दिलं आहे. मला ते सैलच वाटतं, अमेरिकेतल्या शिक्षकांच्या मोठ्या संस्थेचं माप तान्ह्या बाळांसाठी चारामागे एक आहे. दहा रांगणारी बाळं आणि एक मावशी, ती खेळवणार कधी, ती तर फक्त पुसत राहणार. संचालिकेला विचारू नका, सकाळी अकराला न सांगता जा आणि स्वतः मोजा. आत जाऊच देत नसतील तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मग टीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, एक वर्षाच्या पुढे दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि खुर्चीत किंवा गाडीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवायचं नाही. हे तीन प्रश्न विचारले की अर्धी पाळणाघरं गळतात. ("फक्त जेवताना लावतो हो मॅडम." तीन वेळा जेवण आणि दोन वेळा खाऊ, करा हिशोब.)

नागपूरचे आपले प्रश्न वेगळेच. मे महिन्यात दुपारी दोनला ४५ डिग्रीत बाळाला स्कूटीवर आणायचं असेल तर प्रोग्राम किती प्ले-बेस्ड आहे याला काही अर्थ नाही, घरापासून पाच-दहा मिनिटांचं बघा. वर टिनाचं छत आहे का, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर कूलर चालतो का, कूलरची टाकी आणि वायर बाळाच्या हाताला येते का, वाळूचा खड्डा सावलीत आहे का. जुलैत तोच कूलर खोली दमट करून टाकतो आणि पोरं शिंकत राहतात, तेव्हा खिडक्या उघडतात का तेही बघा.

मिहान किंवा बुटीबोरीला मोठ्या कंपनीत असाल तर एचआरला विचारा, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. अंगावर पाजत असाल तर ऑफिसजवळचं पाळणाघर, आजी-आजोबा आणायला जाणार असतील तर घराजवळचं.

घरीच

आजी आहे, टीव्ही बंद ठेवायची तयारी आहे, तर दोन वर्षांपर्यंत याच्यासारखं काही नाही. स्टीलचे डबे-झाकणं, पळी, ओली कणीक, जुनी ओढणी. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी माळ्यावर पडलेला असेल तर खाली काढा, नुकतं चालायला लागलेल्या बाळाला चाकांची, दोरीने ओढायची वस्तू याहून चांगली दुकानात मिळत नाही. सकाळी लवकर महाराजबाग नाहीतर सेमिनरी हिल्सचं बालोद्यान.

अडचण अशी की आजीचे गुडघे. दीड वर्षाच्या पोरामागे दिवसभर धावणं होत नाही, मग दुपारी तीन वाजता मोबाईल हातात येतो आणि आजीला दोष देण्यात अर्थ नाही. अशा घरी दोन तासांसाठी कॉलेजची मुलगी खेळवायला ठेवणं प्लेग्रुपपेक्षा बरं पडू शकतं, ती येते म्हणून आजीही थोडी पाठ टेकते. आणि दोन गोष्टी घरी कडक पाळा, भरलेली बादली किंवा कूलरची टाकी उघडी नको, आणि फुटाणे-शेंगदाणे लहान्यांच्या हातात नको, श्वासनलिकेत अडकतात.

तर कोणी काय करावं

वर्षाच्या आत: घर, आणि तुम्हाला एकटं वाटत असेल तर मदर-टॉडलर. नोकरी असेल तर पाळणाघर, मोजून. एक ते दोन: तेच, प्लेग्रुपची घाई नको. दोन ते अडीच: मूल स्वतःहून दुसऱ्या पोरांकडे ओढ घेतं का बघा, घेत असेल तर जवळचा छोटा प्लेग्रुप, पहिले काही दिवस आईला आत बसू देणारा. बसू देत नसतील आणि "दोन दिवस रडेल मग होईल सवय" म्हणत असतील तर पुढचं बघा. अडीचच्या पुढे प्लेग्रुप किंवा माँटेसरी, अंगण कोणाकडे आहे त्यावर.

पैशाचं म्हणाल तर नुसती महिन्याची फी विचारू नका, ॲडमिशन, किट, युनिफॉर्म, ॲन्युअल डेचा ड्रेस, व्हॅन, समर कॅम्प, सगळं मिळून वर्षाचं विचारा आणि कागदावर घ्या. आजारपणात महिनाभर गेलं नाही तर काय, तेही. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-ताप होतोच होतो.

मार्च-एप्रिलमध्ये "आज भरा, डिस्काउंट" चालू असतं त्याला भुलू नका. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळाच जूनच्या शेवटी उघडतात, लगेच पावसाळा, मग सणांच्या सुट्ट्या, सलग महिना मिळतच नाही आणि मूल दर वेळी नव्याने रडतं. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की सुरू केलं तर नोव्हेंबर ते मार्च सलग मिळतात. मधूनच घेता का आणि फी तेवढ्याच महिन्यांची लावता का, हे ॲडमिशनच्या आधीच ठरवून घ्या.