बाळाची वाकडी मान : सांगलीतील सात महिन्यांच्या फिजिओथेरपीचा अनुभव

आमची मुलगी सव्वा महिन्याची असताना तिला न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हाताला मानेच्या उजव्या बाजूला बोराएवढी कडक गाठ लागली. डोके उजव्या खांद्याकडे कललेले आणि हनुवटी डावीकडे, ही तिची ढब आम्ही तोवर कौतुकाने पाहत होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितले, की कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू आखडला आहे आणि व्यायाम लवकर सुरू केल्यास बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. अशा काही बाळांच्या खुब्यातही दोष आढळतो, म्हणून त्यांनी खुबेही तपासले. ते ठीक निघाले.

पहिल्या केंद्राने दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. बाळाला आत नेत, आम्ही बाहेर तिचे रडणे ऐकत बसत असू, आणि घरी काय करायचे हे कोणीच सांगत नसे. सहा बैठकांनंतर आम्ही ते सोडले. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी माझे हात धरून शिकवले. उजवा खांदा एका हाताने हलकेच दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने डोके डावीकडे कलवायचे आणि मनात तीस आकडे मोजायचे. मग हनुवटी सावकाश उजवीकडे वळवायची. ती जोर करू लागली, की लगेच सोडायचे. प्रत्येक वेळी लंगोट बदलताना आम्ही हे करत असू. खुळखुळा उजवीकडून वाजवायचा, जागेपणी पालथे ठेवायचे आणि दार तिच्या उजव्या हाताला येईल असा पाळणा फिरवायचा, हेही त्यांनीच सांगितले. डोक्याची डावी मागची बाजू चपटी होऊ लागली होती, ती यामुळे बरीच सावरली. आजेसासूबाईंनी शिवलेली राईची उशी मात्र काढावी लागली. ते त्यांना सांगणे व्यायामापेक्षा अवघड गेले.

मान एका झटक्यात सरळ करून देणाऱ्या हाडवैद्याचा पत्ता नातेवाइकांनी दोनदा दिला. तान्ह्या बाळाच्या मानेला असा झटका देणे धोक्याचे असल्याने आम्ही गेलो नाही.

गाठ पाचव्या महिन्यापर्यंत विरली. आता ती दोन्हीकडे सारखी वळून पाहते. झोप अनावर झाली, की डोके अजून किंचित उजवीकडे झुकते, म्हणून ती चालू लागेपर्यंत दर दीड महिन्याला तपासणी सुरू ठेवली आहे.