बंदाईची एक्स-विंग, एका नेपथ्यवाल्याच्या हातून

आधी निकाल सांगून टाकतो. बंदाई ही जपानी खेळणी-मॉडेल कंपनी, आणि एक्स-विंग म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातलं लढाऊ अंतराळयान. त्याचं १/७२ मापातलं, तुकडे जोडून बनवायचं हे किट पैसा वसूल आहे, पण रंगवलं तर. नुसती जोडून शोकेसमध्ये ठेवणार असाल तर एवढे पैसे घालू नका.

मी फोंड्याचा. जत्रेतल्या नाटकांचं नेपथ्य करतो, चवथीला देखावे उभे करतो. ‘स्टार वॉर्स’ची कथा मला बेताचीच वाटते, त्यातली यानं ज्यांनी बनवली त्यांचं मात्र भारी कौतुक. १९७५ साली कॅलिफोर्नियात व्हॅन नाइजच्या एका गोदामात दिग्दर्शक जॉर्ज लुकसच्या माणसांनी बस्तान मांडलं आणि १९७७ च्या चित्रपटासाठी यानं हातांनी घडवली. एक्स-विंगचा पहिला नमुना कॉलिन कँटवेलचा. चित्रीकरणाची मॉडेलं ग्रँट मॅक्यूनच्या हाताखालच्या कारागिरांची. अंगावरचे नळ, झडपा, पट्ट्या कुठून आणल्या? तर रणगाडे, युद्धनौका, रेसच्या गाड्या यांची बाजारातली प्लास्टिकची किट ढिगाने आणायची, त्यातले हवे ते तुकडे काढायचे आणि यानावर डकवायचे. रणगाड्याचा भाग उलटा बसवला की तो रणगाड्याचा आहे हे कोणाच्या बापाला कळतंय!

बंदाईने नक्कल केली आहे ती या मॉडेलची. म्हणजे किटं फोडून बनवलेल्या यानाचं पुन्हा किट. शेपटाकडची बाजू भिंगाखाली धरा. त्या कारागिरांनी हाताला लागेल ते जिथे चिकटवलं, ते सगळं इथे जेमतेम सतरा सेंटिमीटरच्या यानावर नखाएवढ्या तुकड्यांत उतरलंय. मी अर्धा तास तेवढंच बघत बसलो होतो.

कॉकपिटसाठी झाकणं दोन दिलीत: एक पारदर्शक, एक नुसती चौकट. चौकटवालं बघून मी खूश. चित्रीकरणाच्या मॉडेलला काच नव्हतीच. काच म्हटली की दिव्यांची तिरीप आली. आम्हीही रंगमंचावरच्या खिडकीला काच लावत नाही. मी अर्थातच चौकट बसवली.

एक तक्रार आहे, पण ती कंपनीवर नाही, प्रकारावरच आहे. हे यान सगळीकडून सारखं सुबक आहे. खरी मॉडेलं तशी नसत. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं अकरा फुटी एंटरप्राइज यान घ्या, १९६४ चं, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची डावी बाजू अर्धवटच सोडलेली, दिव्यांच्या वायरी तिकडून आत शिरतात, म्हणून कॅमेरा नेहमी उजवीकडे. आमच्या रंगमंचावरच्या फ्लॅटच्या, म्हणजे रंगवलेल्या खोट्या भिंतीच्या, मागे जाऊन बघा, नुसत्या पट्ट्या आणि खिळे. कारागिराने मेहनत कुठे ओतायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे बघणारा कुठे बसलाय त्यावर ठरतं. ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला पळणारं लहान यान मॉडेल म्हणून सहा फुटी, आणि त्याच्यामागे पडद्यावर संपता संपत नाही ते अजस्र जहाज जेमतेम तीन फुटी! त्यात मॉडेल जागेवर खिळलेलं, रुळावरून फिरायचा तो कॅमेरा.

आता जोडणीचं. गोंद लागत नाही. भाचा शेजारी बसला होता, तो म्हणाला, “मामा, फेविकॉल काढू?” म्हटलं, “ठेव तो, तुझ्या शाळेच्या प्रोजेक्टला लागेल.” तुकडे टक् करून बसतात, सांधा शोधावा लागतो. तुकडे प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, ते नेलकटरने तोडू नका, पांढरे डाग पडतात. चांगला निपर (छोटी कापायची पक्कड) घ्या, थोडं लांबून कापा, उरलेलं पॉलिश पेपरने घासा. पंख उघडतात, मिटतात, कुठे लोंबत नाहीत.

खुणांसाठी स्टिकर आणि पाण्यात भिजवायची डेकल, दोन्ही आहेत. स्टिकरला हातही लावू नका. कडा दिसतात आणि सगळी मजा जाते. डेकलच्या आधी चकचकीत वॉर्निशचा एक हात मारा, नाहीतर खडबडीत प्लास्टिकवर हवा अडकून खाली चंदेरी झाक येते.

रंगाचं मी माझ्या पद्धतीने केलं. काळा आणि तपकिरी पोस्टर कलर, भरपूर पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. हे वॉर्निशवर फासायचं, सुकू द्यायचं आणि ओल्या कापसाने वरून खाली पुसायचं. खाचांत राहतो तो मळ. टर्पेंटाइनमधला ऑइल कलर जास्त छान बसतो, पण थिनर सांध्यांत झिरपला की ताणाखालचं प्लास्टिक तडकतं, आणि या किटचे सांधे सगळे ताणावरच उभे आहेत. इंजिनांभोवती काजळी जरा सढळ हाताने दिली. भाच्याला ती घाण वाटली. पण चित्रपटातली ती यानं वापरलेली, कळकट दिसतात म्हणूनच खरी वाटतात. २०२३ साली त्यातली एक एक्स-विंग लिलावात ३१ लाख डॉलरच्या वर गेली, तीही कळकटच!

विक्रेत्याचं नाव घेत नाही. खोका एका कोपऱ्यात चेपून आला, आतल्या फ्रेमला सुदैवाने काही झालं नव्हतं. बदलून मागितलं तर उत्तरच नाही. आयातीमुळे किंमतही फुगते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. निपर, पॉलिश पेपर, ब्रश पणजीला अठरा जून रस्त्यावर चक्कर मारलीत तर मिळून जातात.

आणि पावसाळ्यात मागवलीत तर जोडून ठेवा, पण स्प्रे मारू नका. आपल्याकडच्या आषाढातल्या दमट हवेत वॉर्निश पांढरट पडतं आणि डेकल दोन दिवस सुकत नाहीत. रंगाला चवथीनंतर, पाऊस ओसरला की हात घाला.