अल्गी स्क्रबरचे चौदा महिने: जाळी उत्तम, पाइप पारदर्शक

माझ्या खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टाकीवर लावलेल्या अल्गी स्क्रबरचा, म्हणजे शेवाळाकरवी पाणी स्वच्छ करणाऱ्या यंत्राचा, हा अनुभव मी चौथ्या महिन्याच्या सुरुवातीलाच लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर नुसतं कौतुकच झालं असतं. नंतर मत एकदा नाही, दोनदा बदललं, आणि गेल्या पावणेदोन महिन्यांत कुठे ते स्थिरावलं आहे.

टाकी आणि सम्प (टाकीखालची गाळणीची टाकी) मिळून पाणी साधारण ३०० लिटर. स्क्रबर सम्पवर बसणारा, धबधबा पद्धतीचा: वर आडवा पाइप, त्याला खालून फट, फटीत अडकवलेली २० बाय १२ सेंटिमीटरची खरखरीत प्लास्टिकची जाळी आणि दोन्ही बाजूंना लाल एलईडी. शेवाळ दगडांवर वाढण्याऐवजी या जाळीवर वाढावं, माशांच्या खाद्य-विष्ठेतून पाण्यात येणारं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, खाऊन घ्यावं आणि आपण ते खरवडून टाकावं, एवढीच कल्पना.

घेण्याचं कारण केसाळ हिरवं शेवाळ. मागच्या दगडांवर बोटभर लांब झालं होतं आणि झोआंच्या (फुलांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळांच्या) वसाहतीत शिरलं होतं. नायट्रेट २५ पीपीएम (दशलक्षात २५ भाग), फॉस्फेट ०.१८. त्याआधी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषून घेणारे लोह-ऑक्साइडचे दाणे, वापरून पाहिलं. फॉस्फेट उतरायचं, माध्यम संपलं की दगडांत मुरलेलं पुन्हा पाण्यात यायचं, आणि दर वेळी नवं माध्यम विकत घ्या. सतत विकत घेऊन फेकायची वस्तू मला मुळातच पटत नाही. स्क्रबरमधून फेकायचं ते फक्त शेवाळ.

पहिले तीन आठवडे जाळीवर तपकिरी चिकट थर सोडून काही आलं नाही. घाई करू नका, तो थर पूर्ण खरवडूही नका. चौथ्या आठवड्यात हिरवं आलं आणि सातव्यात दगडांवरचं शेवाळ फिकट पडून हाताने ओढलं तरी सुटू लागलं. त्या दिवसांत फॉस्फेटचा आकडा बघून फसू नका. शेवाळ भरात असताना ते फॉस्फेट पाण्यात उरूच देत नाही, म्हणून चाचणी शून्य दाखवते आणि दगड हिरवेच असतात. अकराव्या आठवड्यात नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०६. मागचा दगड वर्षभराने पहिल्यांदा जांभळा दिसला. त्या दिवशीचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

मग माझी चूक झाली. जाळीचं माप टाकीच्या लिटरवर नाही, माशांना रोज किती खाद्य देता त्यावर ठरवायचं असतं. गोठवलेल्या खाद्याचा रोज एक घन (छोटा चौकोनी तुकडा) देत असाल, तर दोन्ही बाजूंनी उजेड असलेली साधारण ७५ ते ८० चौरस सेंटिमीटर जाळी पुरते. माझी २४० ची, खाद्य मात्र एकच घन. त्यावर दिवे सोळा तास. चौथ्या महिन्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरोखरच शून्यावर गेले आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबडासारखा थर आला. दिवसा दाट, रात्री विरळ. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाशी बांधल्यासारख्या जागीच गरगरत होत्या: ऑस्ट्रिऑप्सिस, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांपैकी एक, विषारी. पाच टर्बो गोगलगायी गेल्या. तेव्हा मी स्क्रबरला दोष दिला आणि तो विकायला काढला.

तो दोष चुकीचा होता. दिव्यांचे तास सोळावरून आठवर आणले, खाद्य दुप्पट केलं आणि रात्री पाण्यात उतरणाऱ्या पेशींसाठी यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणारं यंत्र) थेट मुख्य टाकीतून चालवला. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास टिकायला लागल्यावर पाच आठवड्यांत तो थर गेला. डायनो आले तर पाणी बदलत सुटू नका. पोषण आधीच शून्याजवळ असतं, त्याने ते आणखी खाली जातं.

आता पाइपबद्दल. ज्या कारणाने हे लिहायला घेतलं ते कारण हेच.

कंपनीने पाइप पारदर्शक ॲक्रिलिकचा दिला आहे आणि तो वरच्या झाकणाला डिंकाने कायमचा चिकटवला आहे. जिथे उजेड, पाणी आणि नायट्रेट, तिथे शेवाळ, हे ज्या यंत्राचं मूळ तत्त्व, त्याच यंत्रात दोन एलईडींच्या मधोमध पारदर्शक नळी! साहजिकच शेवाळ पाइपच्या आत आणि फटीच्या ओठांवर वाढतं. फट जेमतेम ३ मिलिमीटरची, एक तंतू आडवा आला की त्याच्या मागे पाणी अडतं. २० सेंटिमीटर रुंद जाळीला तासाला हजारेक लिटर पाणी लागतं, ते एकसारखं पसरलं तरच जाळी पूर्ण ओली राहते.

नवव्या महिन्यात चार दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर जाळीचा डावा अर्धा भाग कोरडा पडलेला, त्यावरचं शेवाळ पिवळं पडून सुटत सम्पमध्ये सडत होतं. जे पोषण महिनाभर खाल्लं ते परत पाण्यात. नायट्रेट १८ वर. दोन ॲक्रोपोरा प्रवाळांची टोकं गेली, ती परत आली नाहीत.

कंपनीला फोटो पाठवून फक्त एक पाइप मागितला, काळा किंवा पांढरा, अपारदर्शक. उत्तर आलं की पाण्याचा प्रवाह दिसावा म्हणून तो पारदर्शक ठेवला आहे, आणि सुटा भाग मिळत नाही, पूर्ण यंत्र परत पाठवा. चालू दिवे, चालू पंप, उत्तम जाळी, सगळं एका नळीसाठी परत पाठवायचं? त्या दिवसांत टाकी स्क्रबरशिवाय सांभाळायची कशी? तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. ग्राहकाला हे मुळीच न्याय्य नाही.

मधल्या काळात पाइपला काळी टेप गुंडाळली. ती खाऱ्या ओलाव्यात महिन्याभरात सुटली. शेवटी झाकणातून पाइप करवतीने कापून काढला आणि त्या जागी जाड पीव्हीसी पाइप बसवला. फट करवतीने सरळ कापली, पॉलिश पेपरने कडा साफ केल्या आणि दिव्याचा उजेड फटीवर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टी लावली. एका दुपारचं काम. हा पाइप काढता येतो. दुसरं टोक टोपीने बंद आहे, ती उघडून बाटली धुवायचा ब्रश आतून फिरतो.

वॉल्टर एडी यांनी १९८२ साली अशा स्क्रबरचं पेटंट घेतलं. त्यांच्या पद्धतीत पाणी भरलेलं पात्र उलटून जाळीवर लाट सोडत असे. तिथे फटच नव्हती, म्हणून ती तुंबण्याचा प्रश्न नव्हता. धबधबा पद्धत शांत आहे, छपाका उडत नाही, म्हणून मला तीच हवी. पण फट आली की ती अंधारात ठेवायची जबाबदारीही बनवणाऱ्यावर येते.

बाकी थोडक्यात. पंप पाचव्या महिन्यात मंदावला होता, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर चालवला की चुना निघाला आणि पूर्ववत झाला. दिव्यांचं तेज कमी झालेलं नाही. पाणी किंचित पिवळसर होतं, त्यासाठी महिन्याला थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवतो. ब्रायोप्सिसवर स्क्रबरचा काहीच परिणाम झाला नाही. त्या पिसासारख्या शेवाळासाठी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, लिटरला ५ मिलिग्रॅम, वापरावं लागलं. लाल साळसूद दिसणारा थर सायनोबॅक्टेरियाचा असतो, शेवाळाचा नव्हे, त्यासाठी वाळूवरचा प्रवाह वाढवा.

दर दहा दिवसांनी जाळी काढून नळाखाली खरवडतो, एका वेळी एकच बाजू, म्हणजे दुसरी काम करत राहते. काल १४० ग्रॅम शेवाळ निघालं, पाणी पिळून. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०६. नव्या पाइपला सात आठवडे झाले, फट अजून एकदाही तुंबलेली नाही. कंपनी पाइप बदलेपर्यंत मी पाचपैकी तीनच तारे देतो आहे, आणि घेणार असाल तर पहिल्याच दिवशी, पाणी सोडण्याआधी, तो पाइप कापून काढा.