तेराशे रुपयांचे पेन्शन: कॅनडात राहून ईपीएस-९५ घेण्याचा चौदा महिन्यांचा अनुभव

कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ म्हणजेच ईपीएस-९५ चे पेन्शन मला मार्च २०२५ पासून मिळत आहे. मी राहतो कॅनडातील मिसिसागा येथे आणि पेन्शन जमा होते पुण्यातील बँकेत. रक्कम महिन्याला तेराशे रुपये, म्हणजे इथले वीसेक डॉलर. एवढ्याशा रकमेसाठी इतका खटाटोप कशाला, असे घरातल्यांनीच विचारले होते आणि तो प्रश्न गैर नव्हता. आज या पेन्शनला चौदा महिने झाले, मधला एक हयातीचा दाखलाही पार पडला, तेव्हा काय जमले आणि कुठे अडले ते सविस्तर लिहीत आहे. परदेशात स्थायिक झालेल्या आणि भारतात दहा वर्षांहून अधिक नोकरी केलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांच्या कपाटात माझ्यासारखेच एखादे स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे नोकरी सोडल्यावर पेन्शनसाठीची सेवा नोंदवून दिलेले प्रमाणपत्र, पडून असेल, असा माझा अंदाज आहे.

आधी तेराशेचा हिशेब. पिंपरीतील एका यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात मी जून १९९६ ते मे २०१० अशी पूर्ण चौदा वर्षे नोकरी केली. माझा पगार बराच जास्त होता. परंतु पेन्शनसाठी तेव्हा वेतनमर्यादा ६,५०० रुपये होती आणि भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्श्यातून त्यावर ८.३३ टक्के, म्हणजे महिना ५४१ रुपये पेन्शन निधीत जात होते. सूत्र असे की पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. साडेसहा हजार गुणिले चौदा भागिले सत्तर, बरोबर तेराशे. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० झाली, पण तोवर मी देश सोडून चार वर्षे झाली होती, त्यामुळे त्या वाढीचा मला काही उपयोग नाही. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, हेही आधीच लक्षात घेतलेले बरे. आज मिळणारे तेराशे मी पंच्याऐंशी वर्षांचा झालो तरी तेराशेच राहणार आहेत.

अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शन लगेच घ्यावे की साठपर्यंत थांबावे, हा पहिला विचार. थांबल्यास दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते, म्हणजे साठाव्या वर्षी माझे पेन्शन चौदाशे सहा रुपये झाले असते. त्या दोन वर्षांत मात्र ३१,२०० रुपये सोडावे लागले असते आणि महिन्याला मिळणाऱ्या एकशे सहा रुपयांच्या वाढीतून ते भरून निघायला साडेचोवीस वर्षे लागली असती. मी थांबलो नाही. पन्नाशीनंतर कधीही कमी पेन्शन घेण्याची सोयही या योजनेत आहे, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांसाठी दरसाल चार टक्के कपात होते आणि ती कायमची असते, म्हणून तो मार्ग मी कधी विचारातच घेतला नाही.

खरे कारण मात्र तेराशे रुपये हे नव्हतेच. सदस्याच्या पश्चात पत्नीला पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते आणि किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये असल्याने माझ्या पत्नीच्या वाट्याला साडेसहाशे नव्हे, तर एक हजार येतील. माझ्या हयातीत सगळी कागदपत्रे सुरळीत असतील तर ते तिला सहज मिळतील. नसतील तर तिला परक्या देशातून, एकटीने, पतीच्या तीस वर्षांपूर्वीच्या नोकरीचे पुरावे गोळा करावे लागतील. हे चित्र डोळ्यांपुढे आले आणि मी अर्ज करायचे ठरवले.

आता अडचणींकडे वळतो. परदेशी असणे ही अडचण फारशी ठरलीच नाही. अडले ते दोन ठिकाणी, एक नाव आणि दुसरा मोबाइल क्रमांक.

मी २०१० च्या जूनमध्ये कॅनडात आलो. पहिला आधार क्रमांक त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. युएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याचा कायमचा क्रमांक, तर २०१४ मध्ये सुरू झाला. म्हणजे आज ज्या दोन क्रमांकांवर सगळी व्यवस्था उभी आहे, ते दोन्ही मी निघालो तेव्हा अस्तित्वातच नव्हते. माझ्याकडे होते ते पिवळे पडलेले स्कीम सर्टिफिकेट, आणि त्यावर माझे नाव होते आद्याक्षरे व आडनाव एवढेच. पासपोर्टवर माझे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव आहे. जन्मतारीखही सर्टिफिकेटवर एका दिवसाने चुकलेली होती, कारण नोकरीला लागताना मीच फॉर्मवर घाईत १४ ऐवजी १३ ऑगस्ट लिहिले होते. दोष माझाच, निस्तरायलाही मलाच लागले, पण अठ्ठावीस वर्षांनी.

ही दुरुस्ती संयुक्त घोषणापत्राने होते, ज्यावर सदस्य आणि पूर्वीचा मालक या दोघांची सही लागते. कारखाना मध्यंतरी चाकणला हलला होता आणि माझ्या वेळचे कोणीही तिथे उरले नव्हते. मी डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात गेलो, तेव्हा तिथल्या मनुष्यबळ विभागातील मुलीने शांतपणे जुनी हजेरीपुस्तके ठेवलेली खोली उघडली आणि तासाभरात २०१० सालचा माझा राजीनामा व शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत शोधून काढली. त्या दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी लिहिलेली होती, ‘चौदा ऑगस्ट एकोणीसशे सहासष्ट’. तिची सही आणि कंपनीचा शिक्का मिळाला. कंपनी बंद पडली असती तर काय केले असते, हा विचार मी तेव्हा टाळला आणि आजही टाळतो.

फॉर्म १०-डी मी कागदावर भरला, सोबत स्कीम सर्टिफिकेट, पती-पत्नीचे एकत्रित छायाचित्र, रद्द केलेला धनादेश आणि पासपोर्टची प्रत जोडली. या फॉर्ममध्ये पत्नीचे नाव व जन्मतारीख लिहायची असते आणि ती जागा हलक्या हाताने भरू नये. त्याबद्दल शेवटी लिहितो.

बँकेचा भाग सगळ्यात कंटाळवाणा होता. परदेशात स्थायिक झाल्यावर भारतातले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते. मी तसे चौदा वर्षे केलेच नव्हते, त्यामुळे त्या बँकेने आधी जुन्या सहीची पडताळणी मागितली. १९९६ साली मी मराठीत सही करत असे. कॅनडात आल्यावर कधी इंग्रजीत करू लागलो ते मलाही आठवत नाही. शाखेतील काचेपलीकडच्या कर्मचाऱ्याने संगणकावरची जुनी सही माझ्यासमोर वळवून दाखवली, तेव्हा ती मला दुसऱ्याच कोणाची तरी वाटली. मग एका कोऱ्या कागदावर मी दहा वेळा मराठीत सही केली आणि सातव्या-आठव्या सहीला हात वळू लागला. तरीही त्या बँकेने पत्त्याच्या पुराव्याची नोटरी केलेली प्रत कॅनडाहूनच हवी असा आग्रह धरला आणि त्यात दोन महिने गेले. इथे एक गोष्ट सोयीची झाली आहे. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिल कराराचा, म्हणजे एकमेकांची कागदपत्रे एकाच प्रमाणनावर मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य झाला, त्यामुळे ऑन्टॅरिओतील कागदावर प्रांत सरकारचे अपॉस्टिल घेतले की भारतात तो चालतो, दूतावासाच्या साक्षांकनाची फेरी वाचते.

पेन्शन मार्चमध्ये मंजूर झाले आणि अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या महिन्यांची थकबाकी एकरकमी जमा झाली. १ जानेवारी २०२५ पासून देशभर केंद्रीकृत पेन्शन वितरण सुरू झाल्यामुळे आता पेन्शन भारतातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत मिळू शकते, पीपीओ, म्हणजे पेन्शन अदा करण्याचा आदेश, एका कार्यालयातून दुसरीकडे हलवावा लागत नाही. माझ्यासारख्या, उद्या पुण्याऐवजी नाशिकला बहिणीजवळ राहायला जाऊ शकणाऱ्या माणसासाठी हा बदल मोलाचा आहे.

मोबाइल क्रमांकाची गोष्ट याहून किरकोळ दिसते, पण मला तीच सर्वाधिक नडली. आधार मी २०२३ च्या भेटीत काढला. पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाला ते काढता येते. नोंदणीच्या वेळी माझे जुने भारतीय सिम कधीच बंद पडले होते, म्हणून मी सहज धाकट्या भावाचा क्रमांक दिला. त्यानंतर आधारशी जोडलेला प्रत्येक ओटीपी कोथरूडला त्याच्या फोनवर जाऊ लागला. मिसिसागात संध्याकाळी मी कामावरून येऊन संगणकापुढे बसायचो तेव्हा हिवाळ्यात पुण्यात पहाटेचे चार-साडेचार वाजलेले असायचे. भाऊ झोपेतून उठून चष्मा शोधायचा, सहा अंक वाचायचा, एखादा अंक उलटसुलट व्हायचा, आणि मुदत संपायची. ‘दादा, रोज सकाळी मारुतीच्या दर्शनाऐवजी आता तुझे अंकच म्हणतो,’ असे तो एकदा म्हणाला. डिसेंबर २०२४ मध्ये मी आधार केंद्रावर जाऊन स्वतःच्या नव्या भारतीय सिमचा क्रमांक जोडून घेतला. आता ते सिम जुन्या फोनमध्ये टाकून रोमिंग चालू ठेवले आहे आणि रिचार्ज संपू नये म्हणून कॅलेंडरमध्ये नोंद आहे. वर्षाच्या त्या रिचार्जमध्ये पेन्शनचे दीड-दोन महिने जातात, हेही हिशेबात धरावे.

हयातीचा दाखला ईपीएसमध्ये नोव्हेंबरलाच द्यावा लागत नाही. वर्षात कधीही द्यावा, तो दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. सरकारी पेन्शनधारकांची नोव्हेंबरची धावपळ आमच्या वाट्याला येत नाही. मी फेब्रुवारी २०२६ मध्ये जीवन प्रमाण या डिजिटल दाखल्याच्या सरकारी सेवेतील चेहरा पडताळणीने दाखला दिला. अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप लागतात, मग आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक भरून कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे. माझा चेहरा तीनदा ओळखला गेला नाही. मी खिडकीला पाठ करून बसलो होतो आणि बाहेरच्या बर्फावरून इतका उजेड येत होता की पडद्यावर माझ्या जागी एक काळी आकृती दिसत होती. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली चौथ्यांदा जमले आणि प्रमाण क्रमांकाचा संदेश लगेच आला.

कराबाबत थोडेच. कॅनडाचा रहिवासी जगभरचे उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवतो, त्यामुळे हे पेन्शन मी डॉलरमध्ये रूपांतरित करून ११५०० या ओळीत लिहितो. वर्षाचे पंधरा हजार सहाशे रुपये भारतात करपात्र मर्यादेच्या आसपासही जात नाहीत, पण एनआरओ खात्यातील व्याजावर बँक तीस टक्के अधिक उपकर कापते, म्हणून त्या खात्यात मी मोठी शिल्लक ठेवत नाही. पैसे इकडे आणतही नाही. आईच्या घराचे वीजबिल आणि सोसायटीची देखभाल वर्गणी यांच्यातच ते संपतात.

भारत आणि कॅनडा यांच्यात सामाजिक सुरक्षा करार १ ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. ज्यांची भारतातील सेवा दहा वर्षांहून कमी आहे, त्यांच्या पात्रतेसाठी कॅनडातील वर्षे त्यात मिळवता येतात, मात्र रक्कम भारतातील वर्षांपुरतीच मिळते. इथे ओळखीच्या एका गृहस्थांची सेवा सात वर्षांची होती आणि त्यांनी पेन्शनची रक्कम काढूनही घेतली होती, त्यामुळे त्यांना या कराराचा उपयोग राहिला नाही. मला चौदा वर्षांमुळे कराराची गरज पडली नाही. कॅनडाचे वृद्धत्व पेन्शन परदेशात घ्यायचे तर अठराव्या वर्षानंतर इथे वीस वर्षे राहिलेले असावे लागते. पासष्टाव्या वर्षी माझी एकवीस भरतील, तेव्हा ते पुण्यात घेता येईल. ती गणिते २०३१ ची.

आता पत्नीच्या नावाविषयी. तिच्या पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव आहे, आधारवर माहेरचे. २०२३ मध्ये आम्ही दोघांनी एकाच दिवशी आधार काढले, पण तिने सोबत शाळेचे कागद नेले होते आणि केंद्रावरच्या मुलाने त्यावरून नोंद केली. मी फॉर्म १०-डी वर पासपोर्टवरचे नाव लिहिले, तेच आता माझ्या पीपीओवर आहे. माझे पेन्शन त्यामुळे अडत नाही, पण तिचा अर्ज अडेल. आमच्या विवाह नोंदणी दाखल्याची मूळ प्रत नाशिकला तिच्या भावाच्या कपाटात आहे. येत्या डिसेंबरात पुण्याला जाताना ती घेऊन आधार केंद्रावर जायचे ठरले आहे, आणि या वेळी तिचा मोबाइल क्रमांकही तिचाच असेल.