उंच उडणाऱ्या फुग्याचा घरगुती पेलोड: उड्डाणाआधीचे काही महिने

हा पेलोड, म्हणजे फुग्याखाली लटकणारा उपकरणांचा डबा, अजून आकाशात गेलेला नाही. तरी वापराचा अनुभव आत्ताच लिहितोय. फुग्याचं उड्डाण जेमतेम अडीच-तीन तासांचं असतं आणि हा डबा मात्र गेले कित्येक महिने टेबलावर, गच्चीवर, डीप फ्रीझरमध्ये आणि गाडीच्या डिकीत चालू आहे. लॅटेक्सचा फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो, शंभरएक मिनिटांत तीस किलोमीटर गाठतो, तिथे फुटतो आणि डबा पॅराशूटवर खाली येतो. एकदा हात सुटला की काहीही दुरुस्त करता येत नाही. म्हणून सुटे भाग चांगले की वाईट यापेक्षा, एकाच डब्यात, एकाच बॅटरीवर आणि थंडीत ते एकमेकांशी कसे वागतात, याच अंगाने मी प्रत्येक भाग पारखलाय.

मांडणी साधी आहे. आर्डुइनो प्रो मिनी (सगळं चालवणारा छोटा नियंत्रक बोर्ड, ३.३ व्होल्टचा), यू-ब्लॉक्सचा एनईओ-एम८एन जीपीएस, एसएक्स१२७८ चिपचं लोरा (कमी शक्तीत लांब पल्ला देणारी रेडिओ पद्धत) रेडिओ मॉड्यूल, दाबाचा सेन्सर, तापमानाचे सेन्सर, मेमरी कार्ड आणि तीन डबल-ए सेल.

सुरुवात जीपीएसपासून, कारण तो गेला तर डबा गेला. बाजारातले बरेच रिसीव्हर १८ किलोमीटरच्या वर स्थान देणं बंद करतात. मूळ निर्बंध १८ किलोमीटर उंची आणि १,००० नॉट वेग या दोन मर्यादांचा आहे. काही उत्पादक दोन्ही ओलांडल्यावर रिसीव्हर थांबवतात, काही एक ओलांडली तरी थांबवतात, आणि फुग्याचा वेग कितीही कमी असला तरी दुसऱ्या प्रकारचा रिसीव्हर तिथे कामाचा नाही. यू-ब्लॉक्सच्या मॉड्यूलची गोष्ट वेगळी आहे. ते मुळात ‘पोर्टेबल’ मोडमध्ये येतं आणि त्या मोडची कमाल उंची १२ किलोमीटर आहे. त्याला ‘एअरबोर्न, १ जीपेक्षा कमी’ हा मोड दिला की मर्यादा ५० किलोमीटरवर जाते. मोडचा क्रमांक सहा. एक छोटा आदेश पाठवायचा, मॉड्यूलकडून पोच घ्यायची, झालं.

पण तेवढ्यावर भागत नाही. जमिनीवर बसून १२ किलोमीटरची मर्यादा खरोखर उठली का, हे महागड्या सिम्युलेटरशिवाय तपासता येत नाही. त्यामुळे मी दर पॅकेटच्या (रेडिओने जमिनीवर पाठवायच्या संदेशाच्या) आधी मॉड्यूलला ‘तू कुठल्या मोडमध्ये आहेस’ असं विचारतो आणि उत्तराचा आकडा पॅकेटमध्येच जोडतो. जमिनीवरच्या रेडिओ रिसीव्हरच्या पडद्यावर प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, उंची आणि शेवटी एकटा ६ दिसतो. या एका आकड्याने सगळ्यात मोठा धडा दिला. अल्कलाइन सेल लावून डबा फ्रीझरमध्ये ठेवला होता. पॅकेटचे अनुक्रमांक व्यवस्थित पुढे जात होते, म्हणजे आर्डुइनो रीस्टार्ट झाला नव्हता. आणि अचानक त्या सहाच्या जागी शून्य आलं. रेडिओ पॅकेट पाठवतो त्या क्षणी करंट वाढतो, गारठलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, व्होल्टेज खाली बसतं. आर्डुइनोने तो झटका सोसला, पण जीपीएस नव्याने सुरू झाला आणि परत पोर्टेबल मोडला गेला. वर हे घडलं असतं तर तापमान येत राहिलं असतं, दाब येत राहिला असता, आणि १२ किलोमीटरनंतर स्थान मात्र गायब झालं असतं. टेबलावर हाच संच दिवसचे दिवस बिनतक्रार चालत होता. आता फर्मवेअर (आर्डुइनोतला प्रोग्राम) सहाऐवजी दुसरं काही दिसताच आदेश पुन्हा पाठवतं, आणि रेडिओच्या अगदी शेजारी एक मोठा कपॅसिटर (क्षणभराचा वाढीव करंट पुरवणारा भाग) बसवलाय. एम८एनवर मी पूर्ण समाधानी आहे, फक्त त्याला एकदा सांगून सोडून देऊ नका.

सेलच्या बाबतीत माझं मत आता ठाम आहे. एनर्जायझरचे अल्टिमेट लिथियम डबल-ए हेच घ्यावेत. हे लिथियम-आयर्न डायसल्फाइडचे, एकदाच वापरायचे सेल आहेत. अल्कलाइन सेलमध्ये पाण्यातला इलेक्ट्रोलाइट असतो आणि उणे १८ अंशांच्या आसपास तो हात टेकतो. या लिथियम सेलमध्ये पाणीच नाही, त्यामुळे ते उणे ४० पर्यंत काम करतात. वजन १५ ग्रॅम, अल्कलाइनचं २३. तीन सेलमध्ये पंचवीसेक ग्रॅम वाचतात, ते वेगळेच. माझा सगळा संच सरासरी ८० मिलिअँपिअरच्या आत राहतो, म्हणजे हिशेबाने दीड दिवस सहज निघतो. उड्डाणाला एवढं लागत नाही. पण डबा झाडावर अडकला आणि संध्याकाळ झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळीही तो बोलत असायला हवा. सेलचा हिशेब उड्डाणाच्या वेळेवर करू नये, शोधाच्या वेळेवर करावा.

रेडिओबद्दल कौतुक आणि एक इशारा, दोन्ही. तीस किलोमीटरवरून क्षितिज सहाशे किलोमीटरच्या पलीकडे असतं. मध्ये ना डोंगर ना इमारत, त्यामुळे १० मिलिवॉट पुरतात. ज्याने लोरा फक्त गावात, घरांमधून वापरलाय त्याचा यावर पटकन विश्वास बसत नाही. अडचण निराळीच आहे: मॉड्यूलची वारंवारता ठरवणारा स्वस्त क्रिस्टल थंडीत सरकतो. ४३४ मेगाहर्ट्झवर क्रिस्टल दशलक्षात १० भागांनी हलला तर वारंवारता ४.३ किलोहर्ट्झने हलते. लोराला बँडविड्थच्या (सिग्नल व्यापतो त्या वारंवारतेच्या पट्ट्याच्या) साधारण पाव हिस्सा एवढा फरक चालतो. मी लांब पल्ल्याच्या लोभाने २०.८ किलोहर्ट्झची अरुंद बँडविड्थ चाचणीला घेतली होती. तिथे मुभा ५.२ किलोहर्ट्झची. फ्रीझरमध्ये डबा गार होत गेला तशी रिसीव्हरवर दिसणारी चूक पॅकेटगणिक वाढत गेली आणि एका टप्प्यावर पॅकेट यायचीच थांबली. डबा बाहेर काढून थोडा ऊबेला आला की परत सुरू. ६२.५ किलोहर्ट्झवर गेल्यापासून एकही पॅकेट या कारणाने चुकलेलं नाही. संवेदनक्षमता थोडी कमी होते, पण सरळ नजरेच्या टप्प्यात ती भरपूर आहे. ज्यांना खर्च परवडतो त्यांनी तापमान-भरपाई असलेल्या क्रिस्टलचं मॉड्यूल घ्यावं.

अँटेना म्हणजे साडेसोळा सेंटीमीटरची उभी तार आणि वर चार आडव्या तारा, डब्याच्या तळातून खाली लोंबणारी. आकाशात असेपर्यंत झकास. जमिनीवर पडल्यावर ती डब्याखाली चेपली जाते आणि पल्ला एखाद-दोन किलोमीटरवर येतो. म्हणून उतरताना शेवटच्या काही मिनिटांत पॅकेट जास्त वेगाने पाठवायची सोय केलीय, म्हणजे क्षितिजाखाली जाण्याआधीचं शेवटचं स्थान शक्य तितकं खालचं मिळेल.

सेन्सर घेताना डेटाशीट वाचा, दुकानाचं वर्णन नको. बीएमपी२८० सगळीकडे मिळतो, पण त्याची खालची मर्यादा ३०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर. त्यावरचे आकडे अर्थहीन. एमएस५६११ दहा हेक्टोपास्कलपर्यंत मोजतो, म्हणजे ३१ किलोमीटरपर्यंत. मी तोच घेतला. तापमानाला आत डीएस१८बी२० आहे, तो उणे ५५ पर्यंत चालतो आणि डब्याच्या आत तेवढी थंडी होत नाही. बाहेर तो पुरत नाही. प्रमाण वातावरणात ११ किलोमीटरवर उणे ५६.५ अंश असतात, आणि विषुववृत्ताच्या पट्ट्यात सोळा-सतरा किलोमीटरवर, तपस्तब्धीपाशी (उंचीबरोबर तापमान घटणं थांबतं तिथे), उणे ७० च्याही खाली जातं. त्याच्या वर ओझोनमुळे हवा पुन्हा तापू लागते. बाहेर म्हणून बारीक थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) लावलाय.

डबा थर्माकोलचा, भिंती अडीच सेंटीमीटर जाड. याहून काही चांगलं मला मिळालेलं नाही: हलका, ऊब धरणारा, कुणाच्या अंगावर पडलाच तर मऊ. पण आत काय भरता त्याला महत्त्व आहे. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक टक्क्याच्या आसपास उरतो. बबल रॅपमधली हवा बंदिस्त असते, ती फुगते आणि आतल्या वायरींवर दाब देते. त्याऐवजी साधा फोम वापरा, आणि डब्याला एक बारीक भोक ठेवा. हॉट ग्लू थंडीत ठिसूळ होतो. फ्रीझरमधून काढल्यावर माझा एक कनेक्टर नखाने अलगद निघाला, खाली गोंदाचा गुळगुळीत ठसा जसाच्या तसा. पीव्हीसीची चिकटपट्टीही सुटते. आता सगळं सोल्डर केलेलं आहे, वायरी सिलिकॉन आवरणाच्या आहेत (पीव्हीसीच्या गारठून काडीसारख्या ताठ होतात) आणि पकडायला केबल टाय. घरगुती फ्रीझर उणे १८ पर्यंत जातो. त्याहून खाली जायला ड्राय आइस वापरला, त्याचं तापमान उणे ७८.५. तो बंद डब्यात कधी कोंडू नका आणि काम मोकळ्या हवेत करा, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. वर हवा इतकी विरळ असते की गरम होणारी चिप वाऱ्याने थंड होतच नाही. थंडीची खरी गाठ खालच्या टप्प्यात, तपस्तब्धीच्या आसपास पडते. वरच्या टप्प्यात कॅमेऱ्यासारखा उष्ण भाग उलट तापू शकतो.

आणि कॅमेऱ्याचंच बोलायचं तर तो पहिल्या उड्डाणातून मी जवळपास काढलाच होता. ट्रॅकरच्या (जीपीएस-रेडिओच्या मुख्य डब्याच्या) शेजारी ठेवून सुरू केला की जीपीएसचे दहा-अकरा उपग्रह चार-पाचवर यायचे, कधी स्थानच जायचं. बंद केला की मिनिटभरात सगळे परत. वेगवान इलेक्ट्रॉनिक्समधून निघणारा रेडिओ गोंगाट उपग्रहांचा क्षीण सिग्नल बुडवून टाकतो. तांब्याच्या पत्र्याचं आवरण लावून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. अंतर हा एकच इलाज कामी आला. आता कॅमेरा स्वतंत्र छोट्या डब्यात आहे, ट्रॅकरच्या दीड मीटर खाली, स्वतःच्या बॅटरीवर. तो मेला तरी ट्रॅकरला पत्ता लागणार नाही, आणि मला तेच हवं आहे. भिंगावर धुकं धरू नये म्हणून सिलिका जेलची पुडी आत आहे.

पॅराशूट शिवून घेतलं, साधारण एक मीटर व्यासाचं. एक किलो वजन जमिनीजवळ सेकंदाला पाच मीटरच्या आसपास उतरतं. उंचावर, जिथे हवा विरळ, तिथे तेच पॅराशूट सुरुवातीला सेकंदाला चाळीसएक मीटरने पडू देतं. ते घडीत न ठेवता उघडंच फुगा आणि डब्याच्या मध्ये लटकवायचं असतं. फुग्याचे फाटके तुकडे दोऱ्यांत गुंतू नयेत म्हणून खाली एक कडं घातलंय.

सरावासाठी एक उपाय मनापासून सुचवतो: हवामान खात्यांचे रेडिओसोंड (फुग्यावरून हवेची मोजमापं रेडिओने पाठवणारी यंत्रं) ऐका. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यूरो यांनी १९२९ मध्ये पहिला रेडिओसोंड सोडला, आणि आजही जगभरातली केंद्रं साधारण ०० आणि १२ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सुमारास फुगे सोडतात. ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झवर स्वस्त एसडीआर डोंगलने (संगणकाला लावायच्या रेडिओ रिसीव्हरने) ते पकडता येतात. अँटेना कशी धरायची, सिग्नल क्षितिजापाशी कसा विरतो, गाडीत लॅपटॉप कुठे ठेवायचा, हे सगळं मला दुसऱ्यांच्या फुग्यांनी शिकवलं. त्याच्याच जोडीला रोज काल्पनिक उड्डाण करून साँडहब या संकेतस्थळाच्या प्रेडिक्टरवर उतरण्याची जागा बघतो. तो अमेरिकेच्या जीएफएस हवामान मॉडेलचे वारे वापरतो. चढण्याचा वेग सेकंदाला एका मीटरने बदलला तरी जागा कितीतरी किलोमीटर सरकते, हे बघितल्यावर गॅस भरताना फुग्याची ओढ काट्यावर मोजण्याचं महत्त्व आपोआप कळतं.

परवानगीबद्दल थोडक्यात. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत एकूण चार किलोहून कमी पेलोडचे फुगे हलक्या वर्गात येतात, पण दोर तुटायला २३० न्यूटन किंवा जास्त बळ लागत असेल तर तोच फुगा जड वर्गात जातो. म्हणून दोर मुद्दाम कमी ताकदीचा निवडा. देशोदेशीचे नियम यावर अधिक कडक असू शकतात, रेडिओची वारंवारता आणि शक्तीही जागेनुसार बदलते. हवाई वाहतूक यंत्रणेची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय गॅसच्या सिलिंडरला हात लावू नये.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, तो बाहेरच्या थर्मिस्टरच्या जागेचा. डब्याजवळ ठेवला तर थर्माकोलवर तापलेली हवा त्याला लागते. लांब काडीवर काढला तर थेट उन्हात येतो, आणि विरळ हवेत ऊन सेन्सरला हवेपेक्षा गरम करतं. सध्या तो पांढरा रंग देऊन पंधरा सेंटीमीटरच्या काडीवर बाहेर काढलाय, आणि दुसरा तसाच सेन्सर डब्याच्या दुसऱ्या बाजूला. डबा हवेत फिरत राहणार, त्यामुळे ऊन-सावली दोघांनाही आलटून पालटून मिळेल. दोघांच्या नोंदींतला फरक बघितल्यावरच दुसऱ्या उड्डाणासाठी जागा ठरवेन.